इर्याची फाइल आणि तेर्त्तूचं ताट

इर्या हुक्कानेनला सॉसेजचं एक पाकीट घ्यायला चाळीस मिनिटं लागत. हाउकिलाम्पी गावातल्या एकुलत्या एक दुकानाचा मालक एस्को, त्याने थंड कपाटाजवळ तिच्यासाठी एक स्टूल ठेवून दिलं होतं. ते काही दयेपोटी नव्हतं. इर्या उभी राहिली की बाकीच्या गिऱ्हाइकांची वाट अडायची. चष्मा कपाळावर, पाकीट नाकाला टेकलेलं, ओठ हलतायत, अशी ती बसायची आणि पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं शेवटच्या टिंबापर्यंत वाचायची.

"झालं का वाचून?" एस्को विचारायचा. "शेवट सांगू नकोस हं, मी अजून वाचलेलं नाही."

"यात जवाचं माल्ट आलंय. मागच्या महिन्यात नव्हतं."

"चित्र तर तेच आहे."

"चित्र कोण खातंय?"

एस्को यावर हसायचा आणि गपचूप त्या सॉसेजच्या किमतीच्या चिठ्ठीवर पेनाने एक फुली मारून ठेवायचा. इर्याने नाही म्हटलेला माल गावातली निदान नऊ घरं घेणार नाहीत, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

इर्या त्रेसष्ट वर्षांची. चर्चच्या सभागृहातल्या स्वयंपाकघराची ती सव्वीस वर्षं मुख्य. गावातली बारशी, साठीचे समारंभ, मयतानंतरची जेवणं, सगळी तिच्या हातची. लग्न केलं नाही. कोणी विचारलं नाही असं ती म्हणायची, पण विचारलं असतं तर तिने आधी त्याला उलटा करून पाठीवरचा मजकूर वाचला असता, असं एस्को म्हणायचा. तिला माणूस म्हणून जवळचं एकच, धाकटी बहीण तेर्त्तू.

इर्याच्या फाइलीची गोष्ट तेर्त्तूपासूनच सुरू होते. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली, सव्वीस वर्षांची असताना, तेर्त्तू वाळत वाळत बेचाळीस किलोंवर आली. शेवटी कुओपिओ शहरातल्या डॉक्टरांनी रोग पकडला: सिलिअ‍ॅक. गहू, राय आणि जव या तीन धान्यांतलं ग्लुटेन तिच्या आतड्यांना सोसत नव्हतं, आणि जन्मभर सोसणार नव्हतं. डॉक्टरांनी एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, गहू, राय, जव खाऊ नये. गव्हाचं पीठ काळ्या लिकोरिसच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या, गोळीतही असतं, जव रक्ताच्या सॉसेजमध्ये असतं, सुपाच्या पुडीत आणि मसाल्याच्या डबीत काय असतं ते देवालाही ठाऊक नसतं, हे कागदावर नव्हतं. तेर्त्तू तो कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात बसून रडली. इर्या रडली नाही. तिने पेन घेतलं आणि चौदा कारखान्यांना चौदा पत्रं लिहिली: आपल्या मालात नेमकं काय काय घालता ते कृपया कळवावे.

अकरा उत्तरं आली. एका सॉसेजवाल्याने कळवलं की आमच्या मालात फक्त चांगल्याच वस्तू असतात. इर्याने ते पत्रही फाइलीत लावलं आणि खाली लिहिलं, 'उत्तर दिले नाही'. मग पाकिटांवरचे घटकांचे मजकूर कात्रीने कापून चिकटवणं सुरू झालं, प्रत्येकाशेजारी तारीख. मजकूर बदलला की जुन्यावर रेघ, खाली नवा. एका फाइलीच्या सात झाल्या, तरी गाव 'इर्याची फाइल' असं एकवचनातच म्हणायचं.

फोन यायचे ते बरोबर जेवायच्या वेळेला. "इर्या, सून येतेय माझी, तिला ते गोठवलेले मीटबॉल चालतील का गं?" इर्याकडे तीनच उत्तरं होती. होय, नाही, माहीत नाही. 'बहुधा' हा शब्द तिने कधी वापरला नाही. तिच्या 'होय'वर लोकांचा विश्वास होता, पण त्याहून जास्त विश्वास तिच्या 'माहीत नाही'वर होता. कारण त्यानंतर दोन दिवसांत ती स्वतः फोन करून होय की नाही ते सांगायचीच.

पुढे पाकिटांवर धान्यांची नावं ठळक छापायचा कायदा आला, फुली मारलेल्या कणसाचं चिन्ह आलं, घरोघरी इंटरनेट आलं. आता फाइल कशाला, असं पाळकसाहेबांनीही एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी हौसेने इंटरनेटवरून याद्या छापून आणल्या होत्या. इर्याने त्या वाचल्या आणि परत केल्या. "यावर तारीख नाही," ती म्हणाली. "तारीख नसलेली यादी म्हणजे बाजारगप्पा. आणि हा कोण 'स्वस्थपोट' नावाचा माणूस, याने कारखान्याला विचारलंय का?" पाळकसाहेबांनी पुन्हा विषय काढला नाही.

पण हे सगळं करूनही एक गोष्ट इर्याला टोचत होती. तेर्त्तूच्या रक्ताची दरवर्षी तपासणी व्हायची, आणि ग्लुटेन पोटात गेल्याचं दाखवणारा आकडा दरवर्षी असायला हवा त्याहून थोडा वरच असायचा. फार नाही, थोडा. आरोग्यकेंद्रातली नर्स दरवर्षी तेच विचारायची, "कुठून तरी पोटात जातंय. कुठून?" दोन वर्षांपूर्वी तेर्त्तू अंगणातल्या बर्फावर साधी घसरली आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत, नर्स म्हणाली. पोटात असंच जात राहिलं तर पुढच्या खेपेला कंबर मोडेल. इर्याला तो आकडा म्हणजे तिच्या फाइलीला दिलेली शिवी वाटायची. तिने तेर्त्तूचा टोस्टर फेकून नवा आणला, लाकडी चमचे जाळले. सभागृहात ग्लुटेन नसलेल्या पदार्थांसाठी वेगळी फळी, वेगळी सुरी, वेगळा ओटा केला. टूथपेस्टच्या कारखान्यालासुद्धा पत्र गेलं. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. इर्या पाणीसुद्धा फुंकायला लागली होती. आकडा काही खाली आला नाही.

मार्चमध्ये तेर्त्तूचा नवरा ताउनो गेला. तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरत बसला होता, बसल्या जागीच गेला. अंत्यविधीनंतर सभागृहात ऐंशी माणसांचं जेवण होतं. टेबलावर नेहमीसारखंच सगळं: सामन माशाचं सूप, मांसाचा रस्सा, बटाटे, आणि पिराक्के. रायच्या पिठाच्या पातळ पारीत शिजलेला भात भरून भट्टीत भाजलेले पिराक्के, आणि त्यांवर फासायला अंड्याचं लोणी, म्हणजे उकडलेली अंडी कुस्करून लोण्यात फेटलेली. ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी इर्या तांदळाच्या पिठाचे वेगळे पिराक्के करायची आणि वेगळ्या ताटलीत ठेवायची. प्रत्येक पदार्थासमोर तिच्या हातची चिठ्ठी उभी असायची. 'एल' म्हणजे लॅक्टोज नाही, 'जी' म्हणजे ग्लुटेन नाही. लोण्याच्या मोठ्या वाडग्यासमोर दोन्ही अक्षरं होती, आणि दोन्ही खरी होती. अंडी, लॅक्टोज काढलेलं लोणी, मीठ. यात ग्लुटेन येणार कुठून?

रिवाजाप्रमाणे विधवा पहिली टेबलाशी गेली. तेर्त्तूने चमचाभर बटाटा घेतला आणि तोही खाल्ला नाही. सगळे वाढून घेऊन बसले, शोकसंदेश वाचून झाले, तरी ताट तसंच. दारात उभ्या असलेल्या इर्याला ते बघवेना. ती स्वतः टेबलाशी गेली, तांदळाचे दोन पिराक्के घेतले, बहिणीवरची नजर न काढता वाडग्याच्या तळाशी उरलेलं लोणी त्यांवर भरपूर फासलं आणि बहिणीपुढे ठेवलं.

"खा."

"भूक नाही गं."

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. मी बघतेय. खा."

तेर्त्तूने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही खाल्ले. इर्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस तेर्त्तू अंथरुणात. शेजारणी म्हणाल्या, दुःख असतं, बाहेर पडतं. तेर्त्तूही म्हणाली, दुःखच. पण पस्तीस वर्षांपूर्वीचं ते पोट आणि तो पांढराफटक चेहरा इर्या विसरली नव्हती. तिने सभागृहाच्या मागच्या पिंपातून सगळी रिकामी पाकिटं उपसून आणली, टेबलावर मांडली, फाइलीशी एकेक ताडून पाहिली. लोण्याच्या कारखान्याला फोन केला. तिकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "बाई, लोण्यात लोणीच असतं."

"तुम्ही बघून सांगताय की पाठ केलेलं सांगताय?"

मुलगी बघायला गेली. लोण्यात लोणीच होतं.

उरला एक केक. तो ताउनोची बहीण माइरे कुओपिओहून करून घेऊन आली होती, आणि त्यावर 'जी'ची चिठ्ठी माइरेच्या अक्षरात होती. इर्याला माइरे कधी आवडली नव्हती. माइरे लिपस्टिक लावायची आणि मापाशिवाय केक करायची. एवढ्यावरून इर्याने स्वर्ग गाठला आणि फोन लावला.

"तुझ्या केकने माझी बहीण आजारी पडली."

मग माइरे म्हणाली, "माझ्या भावाचं मयत होतं ते, इर्या. तुला हे आज सुचलं?"

"काय घातलं होतंस?"

माइरेने फोन ठेवला. शनिवारी ती दीड तास गाडी चालवत आली, कोट न काढता आत शिरली आणि एक पिशवी टेबलावर उपडी केली. बदामाच्या पिठाचं पाकीट, बटाट्याच्या स्टार्चचं पाकीट, बेकिंग पावडरचा डबा, साखरेची कागदी पिशवीसुद्धा. "जपून ठेवली होती," ती म्हणाली. "तुझ्या गावात केक आणायचा म्हणजे पुरावे ठेवावे लागतात हे मला ठाऊक आहे. वाच. मी थांबते."

इर्याने वाचलं. सगळं. माइरे उभीच होती.

"बरोबर आहे," शेवटी इर्या म्हणाली.

"आणि?"

इर्याला माफी मागता येत नव्हती. तिने कॉफी विचारली. माइरे नको म्हणाली आणि दीड तास परत गेली. त्या दिवशी इर्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच फाइलीची भीती वाटली. पाकिटं खरी, केक खरा, लोणी खरं, आणि तेर्त्तू तरी आजारी. म्हणजे आपल्याला जे माहीत नाही ते या सात फाइलींमध्ये कुठेच नाही, एवढंच तिला कळत होतं.

ईस्टरनंतर चर्चच्या ऑर्गनवादकाची साठी होती. सव्वीस वर्षं इर्या जेवणाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, कारण तिथून भट्टीही दिसायची आणि तेर्त्तूचं ताटही. त्या दिवशी तिने ठरवलं, आपण टेबलाशीच उभं राहायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. केकचा चमचा कोणी एका केकमधून दुसऱ्यात घालतंय का, ते तिला पकडायचं होतं.

रांग सुरू झाली. ऑर्गनवादक, त्याची बायको, पाळकसाहेब. मग एस्को. एस्कोने रायचा पिराक्का घेतला, वाडग्यातल्या सुरीने त्यावर लोणी फासलं, सुरीला चिकटलेलं उरलंसुरलं पारीच्या कडेला नीट निपटून काढलं, कारण आईने त्याला वाया घालवू नये असं शिकवलं होतं, आणि सुरी वाडग्यात परत खोचली. सुरीवर पारीचा काळा भुगा होता. त्याच्या मागच्याने तेच केलं. त्याच्या मागच्या बाईनेही तेच. कोणी चुकत नव्हतं. पिराक्का असाच खातात. पंधरा माणसं होईस्तोवर पिवळ्या लोण्यात रायचे काळे ठिपके दिसायला लागले. समोर इर्याच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी उभी होती: 'जी'.

एवढ्यात हिल्क्का आली. शिंपीण हिल्क्का, गावातल्या सिलिअ‍ॅकच्या नऊ जणांपैकी एक. तिने तांदळाचा पिराक्का घेतला आणि वाडग्याकडे न बघता पुढे गेली. मग शाळेतला सुतारकामाचा मास्तर, तोही त्या नऊंतला. त्यानेही कोरडाच पिराक्का घेतला.

"लोणी नको?" इर्याने विचारलं.

मास्तर दचकला. "नको. म्हणजे, आवडत नाही फारसं."

"कधीपासून?"

त्याने रांगेत चार माणसं मागे असलेल्या तेर्त्तूकडे पाहिलं आणि ताट घेऊन सटकला.

तेर्त्तू पुढे आली. तिने तांदळाचे दोन पिराक्के घेतले, मान वर केली, समोर बहीण उभी दिसली तशी नेहमीसारखी हसली, आणि सुरीभर लोणी घेऊन दोन्हींवर फासलं. ठिपके तिला दिसत होते. इतक्या जवळून ते कोणालाही दिसले असते.

इर्याने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. भर सभागृहात, ऐंशी माणसांसमोर, जिथे लोक एकमेकांच्या कोटालासुद्धा हात लावत नाहीत. कोणीतरी हातातला चमचा खाली ठेवला. इर्या ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली, आणि तेर्त्तू तिच्या मागे.

"तुला माहीत होतं," इर्या म्हणाली.

तेर्त्तूने दार लोटून घेतलं. "होतं."

"कधीपासून?"

"अकरा-बारा वर्षं झाली असतील. एकदा इथून जेवून घरी गेले आणि दोन दिवस पडून होते, तेव्हा विचार केला. मग एकदा लोणी घेतलं नाही. त्या वेळी काही झालं नाही."

"आणि बाकीच्यांना सांगितलंस."

"सांगणारच ना. त्यांना कशाला त्रास?"

"म्हणजे नऊच्या नऊ जणांना माहीत. आणि मला नाही."

तेर्त्तू ओट्यावरच्या फडक्याच्या घड्या घालत राहिली.

"मी टूथपेस्टवाल्यांना पत्र लिहिलं, तेर्त्तू! माइरेला नाही नाही ते बोलले, भावाच्या मयताच्या आठवड्यात. आणि तू मूग गिळून बसलीस? दरवर्षी नर्स विचारते कुठून जातंय, कुठून जातंय, आणि तू माझ्याशेजारी बसून मान हलवतेस?"

"तू दारात उभी असायचीस," तेर्त्तू म्हणाली. "प्रत्येक वेळी. माझं ताट रिकामं होईपर्यंत तू पाणीसुद्धा प्यायची नाहीस. एकदा लोणी घेतलं नाही, सांगितलं ना, तेव्हा तू आठ दिवस फोन करत होतीस, काय चुकलं, काय चुकलं म्हणून. अंडी बदललीस. कोंबड्यांना काय घालतात ते विचारायला त्या शेतावर गेलीस, आठवतंय? वर्षातून आठ-दहा जेवणं असतात, इर्या. मी म्हटलं, दोन दिवस पडून राहू. तेवढं सोसतं मला."

"तुझं मनगट मोडलं."

"हो."

इर्याला इतका राग आला होता की तो कोणावर काढावा ते तिला समजेना. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली आणखी काहीतरी होतं ते जास्त दुखत होतं. पस्तीस वर्षं तिने मीठवाल्यांपासून मसालेवाल्यांपर्यंत कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. ठेवला होता एकीच्याच. प्रत्येक जेवणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन करायची, "बरी आहेस ना?" आणि तिकडून यायचं, "बरी आहे." ते तिने कधी ताडून पाहिलं नव्हतं.

तिने ते ताट कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं, हात धुतले, दोन स्टुलं ओढली.

"बस," ती म्हणाली. "आणि आता खरं सांग. कशी आहेस?"

तेर्त्तूने सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात हाडांची परत तपासणी झाली. तुला सांगितलं नाही. पाठीचा एक मणका दबलाय. रात्री कुशीवर वळलं की दुखतं. आणि ताउनो गेल्यापासून मी दुपारचं जेवतच नाही. एकटीसाठी भांडं चढवावंसं वाटत नाही." ती थांबली. इर्याने मध्ये काही सुचवलं नाही, पेन शोधलं नाही. मग तेर्त्तू पुढे सांगत राहिली.

बाहेर जेवणं आटोपली होती. कॉफीची वेळ झाली आणि टळून गेली. त्या सभागृहात सव्वीस वर्षांत कॉफीला पाच मिनिटंही उशीर झाला नव्हता. त्या दिवशी तो पाऊण तास झाला. ऐंशी माणसं रिकामे कप पुढ्यात घेऊन बसून राहिली, आणि दार वाजवायला कोणीही उठलं नाही.